सही आधी झाली होती: एका शिकाऊ व्हेट नर्सचं प्रकरण

मांजरीच्या मानेवर हात ठेवला तेव्हा कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. पॅकिंगच्या बुडबुड्यांच्या कागदावरून बोट फिरवावं तसं. शिकाऊ नर्सने हात उचलला, पुन्हा ठेवला आणि तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलं: "मान भरल्यासारखी?" पुढे वेळ टाकली, १२:४५. हे तिने डॉक्टरांना सांगितलं तेव्हा १३:१० झाले होते.

मी तिची प्रशिक्षक होते. रुग्णालयातल्या तिच्या कामावर लक्ष ठेवायचं आणि एकेक कौशल्य जमलं की तिच्या नोंदवहीत सही करायची, हे माझं काम. वेळा आणि आकडे भुलेच्या तक्त्यावरून आणि त्या नोंदवहीवरून घेतले आहेत. ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे.

शिक्षण कसं चालतं

कुत्र्या-मांजरांची नर्स व्हायचं तर शिक्षण दोन ठिकाणी होतं. वर्गात शरीररचना, औषधं, संसर्ग, आहार, भूल. रुग्णालयात तेच सगळं जिवंत, चावणाऱ्या, ओरबाडणाऱ्या रुग्णावर. ब्रिटनमध्ये या कामाचं रीतसर प्रशिक्षण १९६१ साली सुरू झालं. तेव्हा या मुलींना नर्स म्हणवून घ्यायची परवानगी नव्हती, तो शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी राखलेला होता. 'व्हेटरिनरी नर्स' हे नाव त्यांना १९८४ मध्ये मिळालं. अमेरिकेत याच कामाला टेक्निशियन म्हणतात. नाव काहीही असो, एक रेघ सगळीकडे आखलेली असते: निदान डॉक्टरांनी करायचं, औषध डॉक्टरांनी ठरवायचं. ही रेघ पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि फार जोर देऊन शिकवतात. किती जोर द्यावा, यावर पुढे बोलते.

नर्सच्या हाती सर्वांत जास्त जोखीम येते ती भुलेच्या वेळी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ९८ हजारांहून अधिक कुत्रे आणि ७९ हजारांहून अधिक मांजरं होती. भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के निघालं, मांजरांत ०.२४ टक्के. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दगावलेल्या मांजरांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मांजरं शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली होती, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणजे दिवे मालवले, डॉक्टर हात धुऊन पुढच्या रुग्णाकडे गेले, मॉनिटरच्या तारा काढल्या, त्यानंतर. त्या वेळी पिंजऱ्याजवळ बहुतेकदा एक नर्स असते, आणि पुष्कळदा ती शिकाऊ असते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मांजरांमध्ये श्वासनलिकेत ट्यूब घालणं हे वाढत्या जोखमीशी जोडलेलं होतं. याचा अर्थ ट्यूब घालू नये असा नाही. दातांच्या कामात तोंडात पाणी, रक्त आणि दातांवरचा खडा असतो, तिथे ट्यूब हवीच. पण मांजरीचा घसा नाजूक आहे, हे विसरून चालत नाही.

त्या दिवशी

मांजरी ११ वर्षांची, वजन ३.४ किलो. दातांची मुळं विरघळत चालली होती, खाताना मान वाकडी करायची. रक्ताच्या तपासण्या वयाच्या मानाने चांगल्या. पाच दात काढायचे होते.

१०:२० ला भूल दिली. डॉक्टरांनी घशावर लिडोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचा, फवारा मारला, कारण मांजरीचा कंठ ट्यूब लागताच आवळला जातो, आणि थोडं थांबून ४ मिलिमीटरची कफ असलेली ट्यूब घातली. कफ म्हणजे ट्यूबच्या आतल्या टोकाकडचा छोटा फुगा. तो फुगला की ट्यूब आणि श्वासनलिका यांच्यातली फट बंद होते, वायू बाहेर गळत नाही आणि तोंडातलं पाणी आत जात नाही. मी भुलेच्या यंत्राची पिशवी हलकी दाबून कान लावला, गळतीचा आवाज थांबेपर्यंत अर्धा-अर्धा मिलिलीटर हवा घातली. एकूण १.५ मिलिलीटर लागली. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम.

मग मला दुसऱ्या रुग्णाच्या तयारीसाठी शेजारच्या खोलीत जावं लागलं. मॉनिटरपाशी शिकाऊ नर्स होती. दुसऱ्या वर्षाची, हाताने हुशार, नोंदी अशा स्वच्छ की माझ्याच नोंदींची लाज वाटावी.

दातांच्या कामात मांजर एका कुशीवर असते, ती बाजू संपली की दुसरीवर घ्यावी लागते. एक्स-रेसाठी आणखी एक-दोनदा. ११:०५ ला डॉक्टर म्हणाले, "वळव." तिने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि मांजरीला अलगद, बाळाला वळवावं तसं वळवलं. सर्किट, म्हणजे भुलेच्या यंत्राकडून येणाऱ्या नळ्या, ट्यूबला जोडलेलंच होतं.

वळवण्यापूर्वी ट्यूब सर्किटपासून सोडवायची, वळवायचं, पुन्हा जोडायची. तीन सेकंदांचं काम. न सोडवता वळवलं तर बाहेरचं सर्किट एका बाजूला ओढतं, ट्यूब आत पीळ खाते आणि फुगलेला कफ नळीच्या आतल्या अस्तरावर घासत फिरतो. श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल नसतात. पाठीकडच्या बाजूला त्यांची टोकं स्नायूच्या एका पातळ पट्टीने जोडलेली असतात. मांजरींत ट्यूबमुळे नळी फाटते ती बहुधा या पट्टीच्या कडेने, उभी.

वळवल्यावर एका मिनिटात दोन गोष्टी झाल्या. मॉनिटरवर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख असतो, त्याची माथ्यावरची सपाटी मोडली, आणि आयसोफ्लुरेनचा, म्हणजे भुलेच्या वायूचा, वास आला. डॉक्टरांची नजर दातावर होती. ते म्हणाले, "गळतंय. थोडी हवा घाल." तिने पाच मिलिलीटरची सिरिंज लावली आणि वास थांबेपर्यंत हवा घातली. किती, हे तक्त्यावर नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "दोन असेल. अडीचही असेल."

हिशेब केला तर कफमध्ये साडेतीन ते चार मिलिलीटर हवा झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात मेलेल्या मांजरींच्या श्वासनलिकेवर हे मोजून पाहिलं होतं: फट बंद व्हायला सरासरी १.६ मिलिलीटर पुरली, एकालाही तीनपेक्षा जास्त लागली नाही. ट्यूब वळणात सरकली असेल म्हणून गळत असेल, तर हवा वाढवून मूळ प्रश्न सुटत नाही, दडपला जातो. आधी ट्यूब जागेवर आहे का, पीळ पडलाय का, हे बघायचं. हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर "थोडी हवा घाल" हे वाक्य मी स्वतः शंभरदा उच्चारलेलं आहे.

एक गोष्ट इथे सांगते, कारण ती मला अजून खटकते. मांजरीचं तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा माउथ गॅग लावायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. मांजरीच्या डोळ्याच्या पडद्याला आणि मेंदूला रक्त पुरवण्यात वरच्या जबड्याच्या धमनीचा मोठा वाटा असतो. जबडा ताणून धरला की ती दाबली जाते, आणि मांजर भुलेतून आंधळी उठू शकते. भिंतीवर तशी पाटीच होती. त्या दिवशीही गॅग न लावता छोटा आधार ठेवला होता. ट्यूब सोडवून वळवा, अशी पाटी मात्र कुठेच नव्हती. 'ते तर सगळ्यांना माहीतच असतं' या सदरात ती गोष्ट पडली होती.

११:५५ ला वायू बंद केला. १२:०७ ला कान हलायला लागल्यावर कफमधली हवा काढून ट्यूब काढली. तापमान ३५.९. गरम हवेचं पांघरूण घातलं. १२:२० ला मांजरी पिंजऱ्यात, नर्स पिंजऱ्यासमोर.

पंचवीस मिनिटं

वेदना मोजायला आम्ही मांजरीच्या चेहऱ्याची मोजपट्टी वापरतो. २०१९ साली ती प्रसिद्ध झाली आणि शिकवायला इतकी सोपी आहे की शिकाऊ मुलींचा हात तिच्यावर लवकर बसतो. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले की वेदनाशामक वाढवायचा विचार करायचा. १२:२० ला तिने तीन दिले, १२:४५ ला दोन.

म्हणजे कागदावर मांजरी सुधारत होती. पण ती आडवी होत नव्हती. पोटावर बसून, कोपरं थोडी फाकवून, मान पुढे काढून राहिली होती. गुण दोन असलेल्या मांजरीने आतापर्यंत अंगाची वेटोळी करायला हवी होती. तिला हे जुळेना, म्हणून तिने मानेवर हात ठेवला. हे कुठल्याही मोजपट्टीत नाही, कुणी शिकवलेलं नाही. चांगली नर्स होण्याची खूण मला कुठे दिसली असेल तर ती इथे.

आणि मग ती पंचवीस मिनिटं गप्प राहिली.

या वेळात श्वास २८ वरून ३६ वर गेला, मग ४४ वर. सगळं तक्त्यावर आहे. १३:१० ला ती ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली:

"डॉक्टर, दात काढलेली मांजर. मानेला दोन्ही बाजूंनी सूज आहे, हाताखाली चुरचुरतंय. श्वास २८ चा ४४ झालाय. हिरड्या गुलाबी आहेत. कुशीवर वळवताना मी सर्किट सोडवलं नव्हतं. तुम्ही आत्ता यायला हवं."

डॉक्टर टाके घालत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ऑक्सिजन लाव. मानेला कुणी हात लावू नका. दोन मिनिटांत येतो." आणि आले.

त्या सहा वाक्यांत काय नाही? रुग्ण कोण, काय दिसतंय, काय बदललंय, काय शाबूत आहे, आधी काय घडलं, काय हवंय. सगळं आहे. पाचवं वाक्य तर तिच्या जागी मी असते तर मला जमलं असतं का, याची मला खात्री नाही.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "तेव्हाच का नाही आलीस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, सोमवारी तुम्ही म्हणालात ना."

सोमवारी एका कुत्र्याच्या भुलेत आलेखाच्या रेषेवर बारीक लाटा दिसल्या आणि ती घाबरून हाका मारत आली. हृदयाच्या ठोक्यांमुळे फुप्फुसातली हवा हलते आणि कधीकधी अशा लाटा उमटतात. रुग्णाला काही झालेलं नसतं. मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हे दुखणं रुग्णाचं नाही, रेषेचं आहे. आधी बघ, मग ओरड." लोक हसले. मीही हसले. मला ते वाक्य आठवतही नव्हतं, तिने आठवण करून दिली.

"आणि," ती पुढे म्हणाली, "मला वाटलं कातडीखाली हवा आहे. पण हवा आहे म्हणणं म्हणजे निदान झालं ना? ते तर आपण करायचं नसतं."

पहिल्या आठवड्यात आखून दिलेली रेघ इथे आडवी आली. नर्सने निदान करू नये, हे आम्ही इतक्या ठासून सांगतो की मुली शंकाही गिळतात. "श्वासनलिका फाटली आहे" हे निदान. "हाताखाली चुरचुरतंय, मला हवेची शंका येते" हे निरीक्षण आणि त्यावरची शंका, आणि शंका बोलून दाखवायला परवाना लागत नाही. उलट ती पोटात ठेवणं हीच कामातली कसूर. माझ्या वर्गात हा फरक मी कधी फळ्यावर लिहिला नव्हता.

मांजरीचं पुढे काय झालं

एक्स-रेमध्ये मानेच्या कातडीखाली आणि छातीच्या मधल्या पोकळीत, हृदयाच्या वर, हवा दिसली. फुप्फुसं पूर्ण उघडलेली होती, त्यांच्याभोवती हवा साठलेली नव्हती. हे चांगलं लक्षण. २००० साली अशा २० मांजरींच्या नोंदी एकत्र छापून आल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींना दातांच्या कामासाठीच भूल दिली होती. वळवावं लागतं, तोंडात पाणी असतं म्हणून कफ घट्ट फुगवला जातो, आणि काम लांबतं. तिन्ही कारणं आमच्या टेबलावर हजर होती.

श्वासाचा त्रास फार नसेल तर अशा मांजरीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. शांत ठेवायचं, ऑक्सिजन द्यायचा, वेदना आणि भीती आटोक्यात ठेवायची आणि नळीला आपणहून भरून यायला वेळ द्यायचा. तज्ज्ञ शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलून ठेवलं: श्वास बिघडला तर लगेच पाठवायचं. बाकी सगळं नर्सिंग. दर तासाला श्वास मोजायचे, तेही पिंजरा न उघडता. मानेतून रक्त काढायचं नाही, मानेला पट्टी नाही, पट्टा नाही. अन्न मऊ, वाटी उंचावर.

दुसऱ्या दिवशी सूज वाढून बरगड्यांपर्यंत उतरली. मांजरी फुगवलेल्या उशीसारखी दिसायला लागली. शिकाऊ नर्सला वाटलं सगळं संपलं. पण श्वास ३२ वर होता, आणि मांजरी जेवली होती. कातडीखालची हवा दिसायला भयंकर असते, पण ती तिथे पसरली की छातीतला दाब सहसा फारसा वाढत नाही. मी तिला सांगितलं, सुजेकडे बघू नकोस, श्वासाकडे बघ. चौथ्या दिवशी मांजरी घरी गेली. तिसऱ्या आठवड्यातल्या तपासणीत मानेखाली चुरचुर उरली नव्हती.

नेमकं कशाने फाटलं, वळवण्याने की हवेने, की दोन्हींनी मिळून, हे ठरवता आलं नाही. माझा कल दोन्हींकडे आहे. डॉक्टरांचा वळवण्याकडे. यावर आमचा थोडा वादही झाला, आणि तो बहुधा आपापला वाटा कमी करण्यासाठीच होता.

मालकांशी बोलणं

पहिल्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मांजरीच्या मालकांना बोलावून सगळं सांगितलं. वयस्कर गृहस्थ होते, एकटे राहणारे. "भुलेतली गुंतागुंत" असा गुळगुळीत शब्द वापरायचा मोह होतो, डॉक्टरांनी तो टाळला. म्हणाले, "दातांचं काम करताना तिच्या श्वासनळीला आमच्याकडून इजा झाली आहे. काय झालं ते सांगतो, पुढे काय करतोय तेही सांगतो." पुढच्या उपचारांचा खर्च घेणार नाही, हेही तिथेच सांगितलं.

शिकाऊ नर्सला खोलीत थांबवावं की नाही, यावर माझं मन दोन्हीकडे होतं. मी तिलाच विचारलं. ती थांबली. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे वळून विचारलं, "तिच्याजवळ तूच होतीस का?"

"हो."

"तिच्या मानेचं तुलाच कळलं?"

"हो. पण मी उशिरा सांगितलं."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "रात्री कोण असणार आहे?" त्या रात्री तीच थांबली. तिची पाळी नव्हती. दमलेल्या माणसाला रात्रपाळी द्यायची नसते, हे मला कळत होतं. तरी हो म्हटलं, आणि मीही थांबले.

नोंदवही

आता माझ्या सहीकडे येते.

तिसऱ्या दिवशी मी तिची नोंदवही काढली. तिने चूक केली, तर त्या कौशल्यावर माझी सही कशी, हे मला बघायचं होतं. मनात कुठेतरी आशाही होती की सही नसेलच. होती. 'भुलेतल्या रुग्णाची कूस बदलणे: स्वतंत्रपणे करू शकते', खाली माझी सही, तारीख तीन आठवडे आधीची.

वर तिने स्वतः लिहिलेली नोंद होती: "कुत्री, २९ किलो. मी मागचं अंग धरलं, ताईंनी पुढचं. डॉक्टरांनी ट्यूब सोडवली. तीन म्हटल्यावर एकत्र वळवलं. डॉक्टरांनी ट्यूब जोडली."

हे मी वाचलं होतं आणि खाली सही केली होती. तिने अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ट्यूब डॉक्टरांनी सोडवली. तिच्या हातांनी ती गोष्ट कधी केलीच नव्हती. कुत्री जड होती, तीन माणसं लागली, कामं वाटली गेली, आणि नेमकं जे काम धोक्याचं ते तिच्या वाट्याला आलं नाही. मांजर हलकी. एकटीला उचलता येते, म्हणून कुणी मदतीला येत नाही. कुत्रीवरून मांजरीवर हे कौशल्य आपोआप उतरेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मांजरीत तेच काम जास्त अवघड आहे, कारण सगळं एकाच माणसाला करावं लागतं.

त्या दिवशी सही का केली, तेही आठवतं. तिमाही तपासणी जवळ आली होती, अठरा रकाने रिकामे होते आणि मुलगी हुशार होती. हुशार मुलींच्या नोंदवहीत सह्या लवकर पडतात. जिच्याबद्दल आपल्याला शंका असते तिला आपण पाच वेळा बघतो. जी नीटनेटकी लिहिते, हळू बोलते, वेळेवर येते, तिचं आपण बघतच नाही. या कामात शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली आहेत, आणि मला वाटतं अपघात या दुसऱ्या मुलींच्या हातून जास्त होत असावेत. हे माझं मत आहे, पुरावा माझ्याकडे नाही.

त्या सहीवर मी तिरकी रेघ मारली, तारीख टाकली आणि लिहिलं: "प्रशिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं." तिला वाटलं मी तिला खाली ओढते आहे. ती त्या आठवड्यात कोर्स सोडायच्या गोष्टी करत होती, आणि ही रेघ बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्यात कर्ता कोण आहे, ते बघ म्हटलं.

पुन्हा शिकताना

पहिल्यांदा शिकायला बसलो ते आम्ही सगळे, तिच्यासकट. जुन्या ट्यूब घेतल्या, प्रत्येकीने नेहमीच्या सवयीने कफ फुगवला, बाहेरचा छोटा फुगा बोटाने चाचपून "बरोबर" म्हटलं, आणि मग दाबमापक लावला. कफमधला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या आत हवा. आमच्यातल्या एकीचाही अंदाज त्यात बसला नाही. माझा काटा तर कडेला जाऊन टेकला. अनुभवी बोट असं काही नसतं, हे त्या दुपारी सगळ्यांनी एकत्र मान्य केलं, आणि त्यामुळे शिकाऊ नर्सचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. तेव्हापासून मोठी सिरिंज भुलेच्या टेबलावर ठेवत नाही. कफसाठी वेगळी, छोटी. हवा घातली की किती घातली ते तक्त्यावर. "थोडी" हा शब्द बंद.

दुसरं, वळवण्याआधी जो वळवणार तो मोठ्याने म्हणतो, "सोडवली." ट्यूब सुटलेली दिसल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. सुरुवातीला डॉक्टरांना हे नाटकी वाटलं. एकदा एक्स-रेच्या घाईत त्यांनी ते गाळलं, तेव्हा कुणीच हललं नाही. मग म्हणाले.

तिसरी गोष्ट बोलण्याची. शंका सांगायला आली तर मी आधी रुग्णाकडे जाते, मग बोलते. शंका चुकीची निघाली तर ती का चुकीची होती ते दोघींनीच बाजूला बसून बघायचं, चारचौघांत नाही. हे लिहायला सोपं आहे. मला ते जमायला वेळ लागतोय. गेल्याच महिन्यात एकदा तोंडातून गेलंच.

तिच्या कौशल्याचं काय? मी ठरवलं की त्या रकान्यावर सही करायची तर वेगवेगळ्या सहा मांजरी, वेगवेगळे डॉक्टर, आणि निदान दोनदा गडबडीची वेळ. मी शेजारी उभी, हात मागे बांधून. पहिल्या दोन वेळा ती इतकी घाबरलेली की ट्यूब सोडवल्यावर पुन्हा जोडायला उशीर झाला, तेही नोंदवलं. तिसरी वेळ चांगली गेली.

चौथ्या मांजरीच्या वेळी बाहेर एक अपघाताचा कुत्रा आला, डॉक्टरांनी "पटकन वळवा" म्हटलं, आणि माझे बांधलेले हात कधी सुटले ते मलाच कळलं नाही. मांजरीच्या खांद्याखाली हात घालून मी उचलायला गेले.

"ताई, थांबा. ट्यूब जोडलेली आहे."

तिने ती सोडवली, मोठ्याने म्हटलं, आणि मग आम्ही दोघींनी मांजरीला वळवलं. त्या दिवशीच्या नोंदीत तिने हे सगळं लिहिलं, माझ्या हातासकट. सहीच्या जागी मी डॉक्टरांना सही करायला सांगितलं.